आकाश कॅनबेराला द्यावं की नाही

हर्ब ट्रेम्बाथचं विमान जगातलं सर्वांत सावकाश विमान आहे, याबद्दल विराबिला गावात दुमत नव्हतं. पश्चिमेचा वारा भरात असला की मॉड हवेत जागच्या जागी उभी राहायची आणि खालच्या मेंढ्या चरत चरत तिच्या पुढे निघून जायच्या. एका सप्टेंबरात तर ती हर्बच्या कुरणातून उडाली, तासभर मान खाली घालून पश्चिमेला गेली आणि उतरली तेव्हा निघाली होती तिथून अर्धा मैल पूर्वेला होती. कावळे तिच्या वरच्या पंखावर बसून गावात यायचे. त्यांना तेवढीच विश्रांती. पटत नसेल तर सोडून द्या, पण विराबिलाचे कावळे इतर गावांच्या कावळ्यांपेक्षा लठ्ठ होते, हे कुणीही सांगेल.

मॉड म्हणजे दुमजली पंखांचं, महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेलं विमान. हर्ब लढाईत विमानांचा मिस्त्री होता. बाकीचे सैनिक फ्रान्सहून आजार घेऊन आले, कुणी बायको घेऊन आलं. हर्बने परतल्यावर मोडीतून मॉड उचलली आणि तिला आपल्या आत्याचं नाव दिलं, कारण आत्याही सकाळी सुरू व्हायला त्रास द्यायची आणि एकदा सुरू झाली की थांबायची नाही. पुढच्या अठरा वर्षांत मॉडचं जे जे गळालं ते ते हर्बने घरातूनच भरून काढलं. कुठे कुंपणाची तार, कुठे बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, कुठे चर्चच्या मोडक्या बाकाची फळी. डाव्या बाजूच्या खालच्या पंखाला त्याच्या बायकोच्या, ऑलिव्हच्या, बैठकीतल्या पडद्याचं कापड होतं. मॉड वळली की आकाशात गुलाब दिसायचे. तालुक्याच्या जत्रांमध्ये हर्ब शिलिंगाला एक फेरी मारून आणायचा आणि स्वतःला सुखी समजायचा.

ऑलिव्ह एकदाही मॉडमध्ये बसली नव्हती. ‘उडू नकोस’ असंही ती कधी म्हणाली नाही. मॉडचा आवाज सुरू झाला की ती आत जाऊन पातेलं घासायला घ्यायची आणि हर्ब उतरेपर्यंत घासत राहायची. अख्ख्या जिल्ह्यात ट्रेम्बाथांच्या घरच्यासारखी लखलखीत भांडी नव्हती. दोन पातेल्यांना तर भोक पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सरकारचा विमान तपासणारा इन्स्पेक्टर आला. त्याने मॉडभोवती एक फेरी मारली, गुलाबांपाशी थांबला आणि प्रेतयात्रेत काढतात तशी हळूच टोपी काढली. हर्बचं लायसन्स गेलं. पण नशीब असं, की पुढच्याच वर्षी कुठल्या तरी दुसऱ्याच वैमानिकाच्या खटल्यात मोठ्या कोर्टाने निकाल दिला: राज्याच्या आतल्या आत कुणी उडत असेल तर त्यात केंद्राने नाक खुपसण्याचं कारण नाही, राज्यघटनेत तसं लिहिलेलंच नाही. मॉडच्याने आमच्या न्यू साउथ वेल्स राज्याची हद्द ओलांडवणं म्हणजे बैलगाडीने चंद्र गाठणं. हर्ब त्याच दुपारी पुन्हा हवेत गेला.

मग कॅनबेराने, म्हणजे केंद्र सरकारने, दुसरी वाट काढली. राज्यघटनेत लिहिलेलं नाही ना? मग लिहू. सार्वमत घेऊ. शनिवारी, सहा मार्च एकोणीसशे सदतीसला, देशातल्या प्रत्येकाने जाऊन सांगायचं, विमानांचा सगळा कारभार कॅनबेराकडे द्यायचा, ‘हो’ की ‘नाही’. त्याच दिवशी दुसराही एक प्रश्न होता, लोणी आणि मनुका विकण्याच्या कायद्याचा. तो कुणालाच कळला नव्हता, त्यामुळे त्याला ‘नाही’ म्हणायचं हे गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पण पहिल्या प्रश्नावर ‘हो’ आलं, की मॉड कायमची जमिनीवर. हर्बची झोप उडाली.

तो कमर्शिअल हॉटेलच्या बारमध्ये गेला. सहाला बार बंद होतो, म्हणून साडेपाचला अख्खं गाव तिथे खांद्याला खांदा लावून घाईघाईने पीत असतं.

“मंडळी,” हर्ब म्हणाला, “तुम्ही मला ओळखता. मॉडला ओळखता. आता बोला.”

“हे काय विचारणं झालं लेका?” पर्सी गॅड खाटिक म्हणाला. एकशे दहा किलोंचा माणूस, आवाजही तेवढ्याच वजनाचा. “आपलं मत ‘नाही’. लिहून घे.”

“कॅनबेरात बसून विराबिलाचं आकाश सांभाळणार म्हणे,” पोस्टमास्तर क्विल्टी म्हणाला. “उंटावरून शेळ्या हाकायच्या. तेही उंट आपला, शेळ्या आपल्या!”

फादर ब्रॉडरिक बारमध्ये नव्हते, म्हणजे असायचे पण पडद्याआड असायचे. पडद्याआडून ते म्हणाले, “आकाशाचा मालक आधीच ठरलेला आहे, हर्बर्ट. आणि तो कॅनबेरात राहत नाही.”

सगळ्यांनी हर्बच्या पाठीवर थाप मारली. विराबिलाची ही जुनी रीत होती: मित्राने काही मागितलं तर तोंडावर नन्नाचा पाढा लावायचा नाही. कुंपण बांधायला येतोस का, येतो. मेंढ्या कातरायला येतोस का, येतो. मग यायचं की नाही ते ज्याचं त्याने घरी जाऊन ठरवायचं. हर्बही याच गावात जन्मला होता, त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते. घरी येऊन तो ऑलिव्हला म्हणाला, “सगळं गाव माझ्या बाजूने आहे.”

“छान,” ऑलिव्ह म्हणाली.

“पण नुसत्या बाजूने असून भागायचं नाही. आतून पेटायला हवेत. आणि माणूस पेटतो कधी? स्वतः वर जाऊन बघतो तेव्हा. मी सगळ्यांना फुकट फिरवणार आहे. ज्याने मॉडमधून एकदा आकाश पाहिलं, तो ते कॅनबेराच्या हवाली करेलच कसा?”

ऑलिव्हने त्याच्याकडे पाहिलं. “ने बाबा,” ती म्हणाली. “सगळ्यांना ने.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिला मान पर्सीचा. त्याच्या वजनाने मॉड अख्खं कुरण धावली तरी उठेना. पर्सीने बूट फेकले, मग कोट फेकला, मग खिशातला सॉसेजचा पुडा फेकला, तेव्हा कुठे कुंपणावरून ती कशीबशी उडी मारून गेली. गव्हाच्या कोठारावर आले असताना एक मोठा आवाज झाला आणि काही तरी चकाकत खाली गेलं.

“ते काय पडलं?” पर्सी पुढच्या खुर्चीतून ओरडला.

“काळजी नको!” हर्ब मागून ओरडला. “ते जास्तीचं होतं!”

मग फादर ब्रॉडरिक. ते निघतानाच लॅटिनमध्ये काही तरी पुटपुटत होते. पाचशे फुटांवर गेल्यावर हर्बने हाक मारली, “फादर, तुमच्या समोर एक लाल दांडी आहे बघा. तिला तेवढा हात लावू नका.”

“कोणती?” फादरनी मान वळवली. “ही हातात आलीये ती?”

क्विल्टीला मात्र काहीच झालं नाही. तो फक्त चहाच्या वेळेच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी न्याहारीला परतला, सतरा मैलांवरच्या कुण्या शेतकऱ्याच्या घोड्यावर बसून. हर्ब तिसऱ्या दिवशी आला, मॉडला बैल जोडून.

असं दोन आठवडे चाललं. शाळेच्या मास्तरांपासून हॉटेलातल्या स्वयंपाकिणीपर्यंत, चालू शकेल असा जवळजवळ प्रत्येक माणूस मॉडमधून फिरून आला. प्रत्येक जण उतरला की आधी जमिनीला हात लावायचा, मग हर्बचा हात दोन्ही हातांत घट्ट धरायचा आणि म्हणायचा, “हर्ब, खरंच, शब्दच नाहीत.”

“पाहिलंस?” हर्ब बायकोला सांगायचा. “डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.”

“होतं खरं,” ऑलिव्ह म्हणायची.

सहा मार्चला गावाच्या सभागृहात मतदान. आमच्याकडे मत द्यावंच लागतं, नाही दिलं तर दंड. त्यामुळे म्हातारेकोतारे, लंगडेपांगळे, तीन वर्षं एकमेकांशी न बोललेले भाऊ, सगळे त्या दिवशी एका रांगेत दिसतात. दाराशी बायकांच्या मंडळाचं टेबल होतं. ऑलिव्ह त्यावर स्कोन, जॅम आणि लॅमिंग्टनचे केक विकत होती. तिच्याच शेजारी हर्ब, हातात ‘नाही’ छापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येक जण चिठ्ठी घेत होता, डोळा मारत होता, हर्बच्या दंडाला चिमटा काढत होता.

“सांगायला नको,” पर्सी म्हणाला.

“कशाला सांगतोस?” हर्ब म्हणाला.

आत जाताना प्रत्येकाची नजर एकदा हळूच वर जात होती. हर्बला वाटलं, आकाशावरचं प्रेम.

मतमोजणी शाळेच्या एनराइट मास्तरांकडे होती. दिवे लागल्यावर ते व्हरांड्यात आले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. सगळं गाव अंगणात उभं होतं.

“लोणी आणि मनुका,” मास्तर म्हणाले. “हो, नऊ. नाही, दोनशे दोन.”

टाळ्या.

“विमानं.” मास्तरांनी घसा साफ केला. “हो, दोनशे सात. नाही, चार.”

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. लांब कुठे तरी एक मेंढी ओरडली. हर्ब मोकळेपणाने हसला. “मास्तर, कागद उलटा धरलाय तुम्ही.”

“हर्ब,” मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, “मी दोनदा मोजलं. मग तुझ्यासाठी म्हणून तिसऱ्यांदा मोजलं.”

मग पर्सी पुढे आला आणि त्याने हर्बच्या खांद्यावर हात ठेवला. “चारांतलं एक माझं होतं गड्या,” तो म्हणाला. “लोक काय नालायक असतात बघ!”

“एक माझं,” क्विल्टी लगेच म्हणाला.

“मतदान गुप्त असतं,” फादर ब्रॉडरिक म्हणाले, “पण देवाला साक्षी ठेवून सांगतो...” आणि पुढे काहीच न सांगता ते घाम पुसत निघून गेले.

रविवारी प्रार्थना संपेपर्यंत त्या चार मतांचे साठ मालक झाले होते. सोमवारी पलीकडच्या गावातून एक जण आला. त्याचं नाव आमच्या यादीतही नव्हतं. त्यानेही हर्बला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, एक माझं.

हर्ब घरी येऊन टेबलाशी बसला. चारांतलं एक त्याचं स्वतःचं. दोन म्हणजे टेकडीपलीकडचे ते न बोलणारे भाऊ असणार. घराबाहेरचे तेवढेच दोघे मॉडमध्ये बसायचे राहिले होते, कारण एक बसणार म्हटल्यावर दुसरा तिच्या जवळ फिरकायला तयार नव्हता. हे लक्षात आलं तसा त्याचा चेहरा ओढला गेला.

“ऑलिव्ह, ज्याला ज्याला मी वर नेलं...”

“हो,” ऑलिव्ह म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“त्यांची तोंडं मी पाहिली होती, हर्ब. तू पाठीमागे बसतोस, तुला फक्त टोप्या दिसतात.”

पुढचे दिवस हर्बने मॉडकडे पाहिलंसुद्धा नाही. तो उठायचा, मेंढ्यांना पाणी दाखवायचा, जेवायचा आणि निजायचा. जे घडलं ते त्याला कॅनबेरापेक्षा जास्त लागलं होतं. परक्याने मारलं तर माणूस शिव्या देतो. आपल्याच माणसांनी हळूच मारलं तर शिव्या कुणाला द्यायच्या?

आणि मग एका संध्याकाळी क्विल्टी सायकल पाडून धावत आला. “हर्ब! पडलं! सार्वमत पडलं!”

“पडलं म्हणजे? लोक ‘हो’ म्हणाले ना?”

“म्हणाले. देशभरात ‘हो’ म्हणणारेच जास्त आहेत. पण नुसती डोकी मोजून चालत नाही. सहापैकी चार राज्यांनी तरी ‘हो’ म्हणायला हवं होतं. दोघांनीच म्हटलं. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंड.”

“आणि आपलं राज्य?”

“नाही म्हणालं. रेडिओवाला म्हणतो, बऱ्याच जणांना तो लोण्याचा प्रश्न इतका डोक्यात गेला होता, की त्यांनी रागाच्या भरात दोन्हीकडे ‘नाही’ ठोकलं.”

हर्बने हिशेब लावून पाहिला. “म्हणजे माझ्या शेजाऱ्यांनी मला बुडवलं, आणि मॉडला वाचवलं लोण्याने?”

“मनुकाही होत्या,” क्विल्टी प्रामाणिकपणे म्हणाला.

तासाभरात अख्खं गाव हर्बच्या अंगणात जमलं. अपराधी माणसाइतका जोरात कुणी अभिनंदन करत नाही. पर्सीने अख्खं मेंढरू आणलं होतं. फादरनी पाठीमागे लपवून एक बाटली आणली होती आणि ती समोर आणायला ते विसरले नाहीत. “कॅनबेराची जिरवली की नाही आपण!” पर्सी गर्जत होता. ‘आपण’ हा शब्द तो दर वाक्यात दोनदा घालत होता.

हर्ब सगळ्यांचं ऐकून घेत उभा राहिला. मग पेला उंचावून म्हणाला, “मंडळी, आनंद आहे. मॉड उद्या सकाळी उडेल. कोण कोण येतंय?”

मेंढराची चरबी निखाऱ्यावर चरचरली, तेवढाच आवाज.

“उद्या सॉसेज भरायचेत,” पर्सी म्हणाला.

“उद्या एक बारसं आहे,” फादर म्हणाले. कुणाचं, ते सांगितलं नाही. गावात कुणी बाळंत झालेलं नव्हतं.

“उद्या टपाल...” क्विल्टी म्हणाला.

“मी येते,” ऑलिव्ह म्हणाली.

ती मागे पेले गोळा करत होती. हर्बला वाटलं आपण भलतंच ऐकलं. पर्सीचा हात सुरीसकट हवेत थांबला. मग एकेक जण आपापली टोपी शोधायला लागला, आणि ज्याला मिळाली नाही तो तसाच निघाला.

अंगण रिकामं झाल्यावर हर्ब म्हणाला, “थट्टा करतेस?”

“नाही.”

“अठरा वर्षांत बसली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. गावाला विचारलंस.” तिने पेले खाली ठेवले. “चौथं मत माझं होतं, हर्ब.”

हर्ब मटकन ओट्यावर बसला. या एका मतावर साठ जणांनी हक्क सांगितला होता, आणि जिने सांगायला हवा होता ती दहा दिवस गप्प बसली होती. “तुझं? पण मॉड गेली असती तर तुला... मला तर वाटलं, सगळ्यांत आधी ‘हो’ तूच म्हटलं असशील.”

“पेन्सिल हातात घेईपर्यंत मलाही तसंच वाटलं होतं.” ती त्याच्या शेजारी बसली. “मग मनात आलं, अठरा वर्षं मी या माणसाला खाली उतरवायची हिंमत गोळा करतेय. रोज उद्यावर ढकलतेय. आणि आता कॅनबेराचा कुणी सोम्यागोम्या येणार, एक शिक्का मारणार, आणि माझं काम तो करून जाणार? त्याने तुझ्यासाठी एक तरी रात्र जागून काढलीये का? तो हक्क माझा आहे. राज्यघटनेत नसेल लिहिलेला.”

“मग उतरव ना.”

“उतरवीन. पण जे थांबवायचंय ते एकदा बघू तरी दे.”

सकाळी ती रविवारची टोपी घालून, वरून हनुवटीखाली रुमाल बांधून आली. दोन्ही हातांनी कडा धरून पुढच्या खुर्चीत चढली आणि चर्चमध्ये बसते तशी ताठ बसली. हर्ब पंखा फिरवायला समोर गेला. पंख्याचं पातं धरून त्याने वर पाहिलं. तिथे पर्सीचा चेहरा नव्हता, फादरचा नव्हता. ऑलिव्ह होती. भ्यायली होती, आणि हसत होती.

हर्बने पातं सोडलं. “एक मिनिट,” तो म्हणाला.

त्याला आपलं चाकाजवळची एक खीळ बघायची होती. रोज बघायचा, तिला बुटाने एक लाथ घालायचा आणि पुढे जायचा. आज तो गुडघ्यावर बसला. खीळ बोटांनी फिरली. मागची दोरी त्याने ओढून पाहिली. दोरी आली, पण तिच्याबरोबर जिला बांधली होती तीही गोष्ट आली. त्याने पंखाखालचा एक खांब ठोकला. खांबातून भुसा पडला, आणि भुशामागून एक वाळवी बाहेर आली. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

“काय झालं?” ऑलिव्हने वरून विचारलं.

“काही नाही. एक मिनिट.”

ऊन चढलं. कुंपणापाशी आधी पर्सी दिसला, मग क्विल्टी, मग बारसं आटोपून आलेले फादर. हर्बला त्यांचं भान नव्हतं. त्याने इंजिनाचं झाकण काढून गवतावर ठेवलं, मग आतलं काही बाही काढून झाकणाशेजारी मांडलं, आणि प्रत्येक वस्तू काढताना त्याचं तोंड अधिकाधिक लाल होत गेलं.

“कुठल्या गाढवाने हा खिळा इथे ठोकलाय?” तो ओरडला.

कुंपणावरच्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं, पण त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

“यात माणसं बसवली! यात माणसं वर नेली!” हर्ब पंखाखालून बाहेर आला. केसांत भुसा, हात तेलाने काळे. तो कुंपणाकडे तरातरा चालत गेला, आणि पर्सीला वाटलं आता आपल्या दोनशे सातांचा हिशेब होणार. पण हर्ब त्यांच्यासमोर थांबला, कमरेवर हात ठेवले आणि इन्स्पेक्टरलाही जमला नसता अशा आवाजात म्हणाला, “आज हे विमान उडणार नाही. मी एकेक खिळा बघून ‘हो’ म्हणेपर्यंत उडणार नाही. कुणाला काही म्हणायचंय?”

“नाही, नाही,” पर्सी घाईने म्हणाला. “आम्ही तर आधीपासूनच...” फादरनी त्याच्या पायावर पाय दिला.

हर्ब परत मॉडपाशी आला. वर बघून म्हणाला, “उतर खाली. इथे हात दे. नको, त्या पायरीवर पाय ठेवू नकोस, ती सुटलीये.”

ऑलिव्हने हनुवटीखालची गाठ सोडली आणि रुमाल मांडीवर घडी करून ठेवला. कुरणाच्या टोकापर्यंत मेंढ्या पसरल्या होत्या, त्यांच्यापलीकडे नदीकाठची झाडं आणि त्यांच्यापलीकडे काहीच नाही, नुसतं निळं.

“बसू दे ना थोडा वेळ,” ती म्हणाली. “इथून छान दिसतंय.”